शाळेबाहेरचा आश्विन

आज सकाळी गंगव्वा अक्कानं माझ्या परातीत शेंगा ओतल्या, तेव्हा टरफलांवरची काळी माती अजून ओली होती. हुबळीच्या नवनगरातल्या आमच्या गल्लीत तिचा भाजीचा गाडा आठच्या सुमाराला येतो. वर्षभर ती वांगी, मेथी, गवार घेऊन येते. पण आश्विन लागला की गाड्याच्या एका कोपऱ्यात पोतं अंथरून ओल्या शेंगांचा ढीग घातलेला असतो. तो दिसला की माझा पावसाळा संपतो. मग आकाशात ढग असोत नाहीतर नसोत.

तीन पाण्यांनी धुतल्या तरी चौथं पाणी गढूळच निघालं. मीठ घालून कुकर लावला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात तो वास भरला. माती, मीठ आणि कोवळ्या दाण्यांचा दुधाळ, गोडसर वास. खिडकीपाशी पाय पोटाशी घेऊन माझी लेक विशाखा पुस्तक वाचत बसली होती. बारा वर्षांची आहे. शाळेत जात नाही, घरीच शिकते.

"आई, शि... शिट्ट्या किती झाल्या?"

"तू मोजत नव्हतीस?"

"मोजत होते. तू मो... मोजतेस का, ते बघितलं."

मी मोजत नव्हते. मी तीन वर्षांमागच्या आश्विनात गेले होते.

तेव्हा विशू नऊ वर्षांची होती. बोलताना ती लहानपणापासूनच अडखळायची. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. तीन भाषांत पोर गोंधळली असेल, मोठी झाली की होईल सरळ, असं सगळेच म्हणायचे. तसं झालं नाही. वर्गात उभं केलं की पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडकून बसायचं आणि मुलं हसायची. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढं पन्नास मुलं होती आणि हातात चाळीस मिनिटं. विशूनं हळूहळू शाळेत बोलणंच सोडलं. हजेरीला नुसता हात वर करायची. मग रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी दाबून बघितलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. रविवारी मात्र दुखायचं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. ते लक्षात येऊनही मी सहा महिने तिला सोमवारी रिक्षात बसवत राहिले, हे आज लिहितानाही जड जातं.

त्या उन्हाळ्यात मिलिंदनं आणि मी ठरवलं की निदान एक वर्ष तिला घरीच शिकवायचं. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत आहे. त्याला नोकरी सोडणं शक्य नव्हतं. मी देशपांडे नगरातल्या एका दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घ्यायला बसत होते, ती नोकरी मी सोडली. आता फक्त अप्पांना सांगायचं राहिलं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षं त्यांनी मराठी प्राथमिक शाळांत शिकवलं. त्यातली बरीच वर्षं अळणावरकडच्या खेड्यांत गेली. आता बेळगावात माझ्या भावाकडं असतात. फोनवर त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बापाला शाळेच्या बाहेर बसवलं होतं. व्हरांड्यात, चपला ठेवतात तिथं. तो दारातनं ऐकून शिकला. मला आत बसायला मिळालं. तुला पहिल्या बाकावर बसवलं मी. आणि तू आपल्या हातानं पोरीला बाहेर काढतीयस?"

"अप्पा, तिला त्रास..."

"त्रास आम्हाला नव्हता होय?"

फोन ठेवला त्यांनी. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मिलिंदला फोन करायचे, विशूची चौकशी करायचे. माझं नाव निघालं की, "बरं, ठेवतो," म्हणायचे. आमच्या घरात शाळा ही साधी गोष्ट नाही. माझ्या आजोबांनी जे दारातून ऐकलं, त्यावर आमच्या दोन पिढ्या उभ्या आहेत. अप्पांचा राग मला कळत होता, आणि कळत होता म्हणूनच तो जास्त लागत होता.

शिवाय माझं तरी काय बरं चाललं होतं? जून ते सप्टेंबर मी घरात शाळाच भरवली. भिंतीवर वेळापत्रक लावलं. दहाला गणित, अकराला इंग्रजी. विशू खाली मान घालून लिहायची, विचारलं तर मान हलवायची. बाहेर पाऊस, आत दमट कपडे वाळत घातलेले, आणि मधे आम्ही दोघी एकमेकींना घाबरून बसलेल्या. रात्रीपेक्षा दुपारची वेळ मला जास्त भिववायची. वाटायचं, अप्पा म्हणतात तेच खरं असेल. मी पोरीचं वाटोळं करतीय.

मग एक दिवस ऊन पडलं. आश्विनातलं ऊन आमच्याकडं अचानक येतं. काल संध्याकाळपर्यंत आभाळ राखाडी असतं आणि सकाळी उठून बघावं तर समोरच्या गच्चीवरची टाकीसुद्धा नवी दिसते. मी गाद्या, उशा, स्वेटर, सगळं गच्चीत नेऊन टाकलं. खाली आले तर विशू जागेवर नव्हती. दारात गेले. गंगव्वा अक्काच्या गाड्याशी ती उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात भुईमुगाचं एक अख्खं झाड होतं, मुळासकट, शेंगा लोंबत असलेलं. तिला दाखवायलाच अक्कानं ते रानातून आणलं होतं. अक्काला मराठी कळतं, पण ती बोलते कन्नड. आम्हीही तिच्याशी कन्नडच बोलतो. पिवळं फूल वर येतं, मग त्याचा देठ खाली वाकतो आणि मातीत शिरून तिथं शेंग धरतो, असं ती बोटांनी करून दाखवत होती.

"व... वर फूल," विशू मला म्हणाली, "आणि खाली शेंग. आई, तुला मा... माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. बी. एस्सी. झालेली मी, जन्मभर शेंगा खात आले, आणि मला हे माहीत नव्हतं. पण माझं लक्ष भुईमुगाकडं नव्हतंच. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं आपणहून मला काहीतरी विचारलं होतं.

वेळापत्रक मी त्याच दिवशी काढलं असं नाही. एवढी धीट मी नव्हते. पण त्या दिवसापासून दहाच्या गणिताला आम्ही घराबाहेर पडायला लागलो. धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमधे बसायचं आणि रायापूरपर्यंत दुकानांच्या कन्नड पाट्या वाचायच्या. वाचून दाखव असं म्हणायचं नाही, नुसतं बोट करायचं. जिथं मी चुकायची तिथं ती माझा हात दाबायची. मी मुद्दाम चुकतीय हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तिसऱ्या दिवसापासून मी खरोखरच चुकते हेही कळलं. सीताफळाच्या बिया मोजून सरासरी काढली. आधी अंदाज लिहायचा, मग खायचं, मग मोजायचं. त्या आठवड्यात आम्ही तिघांनी इतकी सीताफळं खाल्ली की मिलिंद म्हणाला, "आता भागाकारासाठी दुसरं फळ बघा."

संध्याकाळी मिलिंदची ड्यूटी सुटली की उणकल तलावावर. पाणी काठोकाठ भरलेलं असायचं आणि वर चतुर उडत असायचे. शेपटी वरखाली करत काठावरून तुरुतुरु पळणारा परीट पक्षी आला की थंडी फार लांब नाही, हे मी लहानपणी अप्पांकडूनच शिकले होते. तेच विशूला सांगितलं. कागदाच्या पुडीत चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि बरोबर गरम मिरची-भजी. तिखट लागलं की ती पाय आपटायची आणि हसायची. घरी आल्यावर वहीत परिटाचं चित्र काढायची, खाली तारीख लिहायची. ती वही अजून आहे. तिच्यात मिरचीच्या तेलाचे डागही आहेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पा आले.

दरवर्षी विजयादशमीला ते हुबळीला आमच्याकडं येतात. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातो, घरी खीर करतो. त्या वर्षी येणार नाहीत असं मी धरून चालले होते. दारात उभे राहिले, पिशवी मिलिंदच्या हातात दिली, विशूच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "पाणी आहे काय?" मी पाणी दिलं. ते प्यायले. एवढंच.

दसऱ्याला विहारात एकानं विचारलं, "नात कितवीला आहे, गुरुजी?" अप्पा म्हणाले, "चौथीला." आणि चालू लागले. येताना वाटेत शेजारणींनी आम्हाला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिली. सोन्यासारखं राहूया, असं कन्नडमधे म्हणत देतात. मी ती पानं अप्पांच्या हातात ठेवली. त्यांनी घेतली आणि सरळ खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघणार होते. विशूनं त्यांची पिशवी धरून ठेवली.

"आज्जा, पौ... पौ..."

"पौर्णिमेला?"

"हूं. रा... रानात जायचंय. गंगव्वा अक्काच्या. तु... तुम्ही पण."

आश्विन पौर्णिमेला इकडचे शेतकरी शीगी हुण्णिमे करतात. घरातली सगळी माणसं डबे बांधून रानात जातात, उभ्या पिकाला जेवण दाखवतात आणि तिथंच पंगत बसते. गंगव्वा अक्कानं आम्हाला बोलावलं होतं. अप्पांना असल्या गोष्टी पटत नाहीत. पिकापुढं हात जोडणं तर नाहीच. वर बोलावणाऱ्या घरी आपण पंगतीला कसे चालू, हा विचार त्यांच्या वयाच्या माणसाला शिवल्याशिवाय राहत नाही. पण नात पिशवी सोडेना. ते राहिले.

रायापूरच्या पलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की अक्काचं दोन एकर रान आहे. अर्ध्यात कापूस, थोडी तूर, थोडा भुईमूग, आणि बांधाच्या कडेनं कारळ्याची ओळ. कारळं फुलावर आलं होतं. आमच्या घरी कारळ्याची काळी चटणी भाकरीबरोबर नेहमीच असते. पण काळ्या चटणीचं फूल इतकं पिवळं असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. विशूनं एक फूल नाकाशी नेलं, मग अप्पांच्या नाकाशी. अप्पांना शिंक आली. ती हसली, तेही हसले, आणि हसता हसता त्यांची माझ्याशी नजरानजर झाली. लगेच त्यांनी कापसाकडं बघितलं.

रानाच्या मधोमध अक्कानं पाच दगड मांडून पूजा केली. अप्पा बांधावरच थांबले. त्यांना कुणी या म्हटलं नाही, आणि का थांबलात असंही विचारलं नाही. मग अक्कानं बुट्टीत अन्न कालवलं. भात, भाकरीचे तुकडे, भाजी, थोडा पुरणाचा कडबू. ते चारी बाजूंनी रानात शिंपडत जायचं असतं. पुढचा शिंपडतो आणि आरोळी देतो. मागचे सगळे तिला जबाब देतात.

"हुलिग्यो!" अक्का ओरडली.

"चलांबरिग्यो!" मागून तिचा मुलगा, सून, जावा.

या शब्दांचा अर्थ मी नंतर विचारला. अक्काला सांगता आला नाही. अर्थ कशाला पाहिजे, रानाला ऐकू गेलं म्हणजे झालं, असं म्हणाली.

विशू माझ्याजवळ उभी होती. दुसऱ्या आरोळीला ती दोन पावलं पुढं सरकली. तिसरीला त्यांच्या रांगेत शिरली. चौथ्या वेळी माझ्या कानांवर तिचा आवाज आला. मोठा, सरळ, कुठंही न अडकलेला.

"चलांबरिग्यो!"

रांग कापसातून तुरीकडं वळली. अक्कानं मागं बघितलं आणि आपल्या हातातली बुट्टी विशूच्या हातात दिली. "नी ओदर," म्हणाली. तू ओरड.

एकटीनं, सगळ्यांपुढं, पहिलं अक्षर. ज्या गोष्टीसाठी तिचं पोट दुखायचं, नेमकी तीच. धावत जाऊन बुट्टी काढून घ्यावी असं मला वाटलं. विशूनं मूठभर भात घेतला, हात मागं नेला आणि फेकता फेकता ओरडली,

"हुलिग्यो!"

एवढ्याशा पोरीचा आवाज पलीकडच्या रानापर्यंत गेला. तिथल्या लोकांनीही जबाब दिला. ती परत ओरडली. आणखी एकदा. बुट्टी संपेपर्यंत ओरडत राहिली. मी वळून बांधाकडं बघितलं. अप्पा उभेच होते, पण चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते, आणि तो काही लवकर पुसून होईना.

जेवायला सगळे एका ओळीत बसलो. बाजरीची भाकरी, भरली वांगी, अंबाडीची आंबट भाजी, जिला इथं पुंडीपल्ले म्हणतात, दहीभात, आणि शेंगाहोळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी. अप्पा जरा बाजूला बसायला लागले तेव्हा अक्कानं त्यांचं ताट उचलून आपल्या मुलाच्या शेजारी ठेवलं. "इल्ले कूडरी, मास्तरऽ," म्हणाली. इथंच बसा. दुसरी होळगी वाढताना तिनं त्यांना विचारलं नाही. तूप घालताना तर त्यांनी हात आडवा धरला तरी थांबली नाही. अप्पांनी तीन होळग्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. अप्पा येऊन शेजारी बसले आणि सुपातल्या शेंगा घेऊन फोडायला लागले. सूप अर्धं झालं. मग ते बोलले. माझ्याशी, चार महिन्यांनी.

"सगळ्यांबरोबर म्हटलं की अडकत नाही. आरोळी देताना, गाताना अडकत नाही. मला माहीत होतं हे."

"कसं काय?"

"माझ्या वर्गात एक मुलगी होती. मंगल. तिसरीत. पाढे सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणायची. एकटीला उभं केलं की अडकायची. मला वाटायचं, नाटक करतीय. सगळ्यांबरोबर येतं तर एकटीला का येत नाही? म्हणून मी तिला रोज उभं करायचो. धडा पुरा म्हणेपर्यंत बसू द्यायचो नाही. सवयीनं सुटेल असं वाटायचं मला. वर्ग हसायचा. मी पोरांना गप्प करायचो, पण तिला उभीच ठेवायचो."

एक शेंग त्यांच्या बोटांत नुसतीच फिरत राहिली.

"मग ती यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेलो. बाप म्हणाला, तिच्या पोटात दुखतं हो, गुरुजी. मी त्याला नाही नाही ते बोललो. अडाणी म्हटलं. मुलीला चुलीपाशी बसवायचं म्हणून निमित्त काढता, म्हटलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. जन्मभर मी हेच सांगत आलो, की त्या बापानं पोरीची शाळा सोडवली."

विशूचं पोट दुखायचं हे मी त्यांना जूनमध्येच सांगितलं होतं. ते त्यांनी तेव्हाच ऐकलं होतं. माझ्यावरचा तो चार महिन्यांचा राग सगळा माझ्यावरचा नव्हता, हे मला त्या कट्ट्यावर कळलं.

"तू केलंस ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही," अप्पा म्हणाले. "शाळेतनं बाहेर काढणं माझ्या जिवाला पटत नाही. पण तिला घाई करू नको. मलाही करू नको."

तेवढं मला पुष्कळ झालं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणाला चुटपुट नको. विशूचं अडखळणं गेलं नाही. हुबळीत एक ताई तिला बोलण्याचे धडे देतात, त्यानं बरंच सैल झालंय. दमली की परत अडकतं. एका वर्षाची तीन वर्षं झाली. दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, ती देईल. मधेच शाळेत जावंसं वाटलं तर जाईल, हेही तिचं तिलाच ठरवायला सांगितलंय. अप्पा दर महिन्याला आठ दिवस येतात आणि तिला मराठी आणि इतिहास शिकवतात. फार कडक शिकवतात. शुद्धलेखनाच्या दहा चुका झाल्या की दहाही परत लिहायच्या. पण उभं करत नाहीत. दोघं कट्ट्यावर बसतात, मधे पेरूच्या फोडी आणि तिखट-मीठ. विहारात कुणी विचारलं की आता सांगतात, "घरी शिकते. मीच शिकवतो." त्यात थोडी बढाई असते. असू दे.

मी या ऋतूचं देणं लागते ते यासाठी. आश्विनानं माझ्यावर काही जादू केली नाही. त्यानं मला दाराबाहेर काढलं, एवढंच. आणि बाहेर गंगव्वा अक्का होती, कारळं होतं, तळं होतं, आणि थोडी वाट बघायला तयार असलेली माणसं होती. मी एकटी चार भिंतींत वेळापत्रक घेऊन बसले असते तर आम्ही दोघी कुठं गेलो असतो, याचा विचार मी फार वेळ करत नाही.

पण त्या ऋतूतला एक दिवस सांगायचा राहिला.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. अप्पांनी कुणाकुणाला फोन करून मंगलचा पत्ता काढला. ती अळणावरपासून दोन कोसांवर तिच्या सासरी शेती करत होती. "जाऊन येतो," म्हणाले. एकटे जायचं त्यांच्या मनात होतं, पण विशूनं चपला घातल्या होत्या. मग मीही निघाले. धारवाडहून सकाळच्या पॅसेंजरनं अळणावरपर्यंत गेलो. काळी माती मागं पडून लाल माती लागली, कापूस संपून भात सुरू झाला. भाताची कापणी चालली होती. डब्याच्या खिडकीतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. विशूनं वहीत एका पानावर काळी माती आणि दुसऱ्यावर लाल माती असं लिहून ठेवलं. अप्पा तिकीट हातात घेऊन ताठ बसले होते, परीक्षेला निघाल्यासारखे.

स्टेशनवरून रिक्षा केली. मंगलचं घर कौलारू, अंगण सारवलेलं, कडेला पेरूचं झाड. ती भाताच्या पेंढ्या रचत होती. चाळिशीची असेल. अप्पांना तिनं लगेच ओळखलं. पदरानं हात पुसत पुढं आली आणि वाकून पाया पडायला लागली. अप्पा एकदम मागं सरले.

"नको. मंगल, नको. मी... मी तुला वर्गात उभं करायचो. आठवतं तुला?"

तिनं पदर सारखा केला.

"आ... आठवतं की, गुर्जी."

"माझी चूक झाली. तुझ्या वडलांनाही मी बोललो. त्यांची माफी मागायला यायला पाहिजे होतं मी."

"त्ये ग... गेलं. सा वर्षं झाली." कोपऱ्यात पेरू काढायची लांब काठी उभी होती, ती तिनं हातात घेतली. पण लगेच झाडाकडं वळली नाही. "पो... पोटात दुखायचं, गुर्जी. खरंच दु... दुखायचं."

"हो," अप्पा म्हणाले. "आता कळतंय."

मान हलवून ती झाडाकडं गेली. झालं गेलं विसरा असं ती म्हणाली नाही. तुमचा काय दोष, असंही म्हणाली नाही. मला वाटतं, अप्पांनाही ते नकोच होतं. चार पिकले पेरू काढून तिनं पदरात झेलले, आतून पाट आणला, "ब... बसा," म्हणाली. अप्पा बसले. विशू पेरू घेऊन तशीच उभी होती, तोंडाकडं न नेता, मंगलकडं टक लावून बघत.

"तु... तुमचं पण अ... अडकतं?" तिनं विचारलं.

मंगलनं तिच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. मग पेंढ्यांवर बसली आणि शेजारची जागा हातानं साफ केली.

"अ... अडकतं की. लई. तु... तुझं?"

"माझं पण. प... प ला जास्त."

"म... माझं म ला. नावच म... मंगल. घ्या!"

विशू खदखदून हसली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. घरात कोण कोण आहे, मंगलनं विचारलं. विशूनं सांगितलं. विशूनं विचारलं, भात कधी पेरता? मंगलनं सांगितलं. आपली लेक धारवाडला नर्सिंग शिकते आणि तिचं तोंड दिवसभर बंद होत नाही, हेही सांगितलं. एकेका वाक्याला वेळ लागत होता. एकीचा शब्द अडकला की दुसरी पेरू खात थांबायची, आणि तो आला की पुढं बोलायची. मी आणि अप्पा ऐकत बसलो. परतीची गाडी दुपारी तीनची होती. ती चुकली. मग आम्ही पाचच्या गाडीनं आलो.